आधी बाटली, मग बोलणं

माझा मेहुणा मिकेल कॉफीच्या मळ्यावरून दोन वर्षांनी परत आला तेव्हा त्याने नवा कोयता आणला, जुना खोकला आणला आणि येशू आणला. कोयत्याचं गावाने कौतुक केलं. खोकल्यावर ज्याने त्याने आपापलं औषध सांगितलं. येशूबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण येशू आमच्याकडे होताच. देवळात डाव्या हाताला काचेच्या पेटीत तो निजलेला आहे. वर्षातून एकदा त्याला बाहेर काढून धुतात आणि धुणाऱ्यांना त्या दिवशी जेवण असतं. तो मळ्यावरही भेटतो हे ऐकून लोकांना थोडा अभिमानच वाटला.

मग कळलं, की मिकेल पोश पीत नाही.

पोश म्हणजे उसाची पांढरी दारू. आमच्या चियापासच्या डोंगरात ती पितात असं म्हणणं अपुरं आहे. तिच्यावाचून बोलता येत नाही. कुणाची मुलगी मागायची असो, घराचा वासा चढवायला माणसं मागायची असोत, की मारामारीची माफी मागायची असो, बाटली घेऊन जायचं. दारात मान खाली घालायची, बाटली पुढे करायची. समोरच्याने ती तोंडाला लावली, की मगच मागणं सांगायचं. आधी बाटली, मग बोलणं. आणि घोट एकदा गळ्याखाली उतरला, की मागणं नाकारता येत नाही. म्हणून शहाणी माणसं हात पुढे करण्याआधी आलेल्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघतात. बाटलीशिवाय केलेली विनंती ही विनंतीच नव्हे. नुसतं बोलायला काय, कोंबडाही बोलतो.

मी गावच्या कचेरीत कारकून. नाव रोमिन. खालच्या शहरात तीन वर्षं कॉलेज केलं म्हणून ठराव लिहायला मला ठेवलंय. मिकेलची बायको पाशकु माझी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कुणी विचारेल, की तू तेव्हा कुठे होतास. मी सगळीकडे होतो.

चौकात उभं राहून ओरडणाऱ्यातला मिकेल नव्हता. ओरडणारा परवडतो, त्याच्यावरून चालत जाता येतं. मिकेल कामाला यायचा. कुणाच्या रानात मक्याची जुनी ताटं उपटायची असली, की न बोलावता कुदळ घेऊन हजर. शेजारची ओळ धरायचा आणि सुरू व्हायचा. फुकटचा गडी आलेला, त्याला घालवणार कोण? ओळ संपेपर्यंत ऐकावंच लागे, आणि आमच्याकडे ओळी लांब असतात.

गावच्या ज्येष्ठांमधले सगळ्यात ज्येष्ठ शालिकतात्या. चांदीच्या मुठीची काठी त्यांच्याकडे असते. एकदा त्यांच्या रानात मी निरोप घेऊन गेलो, तर मिकेल त्यांच्या बाजूला वाकलेला.

"तात्या, तुम्हाला कधी भीती वाटते का?"

"कसली?"

"रात्री जाग आली की."

"रात्री जाग आली की मी मुतायला जातो. कुदळ खोल मार, मुळं राहतायत."

"मळ्यावर मला लई वाटायची. आडवा पडलो की छातीवर कुणीतरी बसायचं."

"मळ्यावर खायला काय देतात?"

"घुगऱ्या."

"मग बसणारच," तात्या म्हणाले. पण त्या दिवशी त्यांच्या तीन ओळी खणून झाल्या होत्या, आणि मिकेल गेल्यावर ते कुदळीवर हनुवटी टेकून बराच वेळ उभे राहिले.

तरी हे सगळं नुसतं बोलणं होतं. मिकेलला मागणं घालायचं होतं, की एका रविवारी घरी या आणि एकदा वचन ऐका. त्यासाठी बाटली हवी, आणि पोशला तो शिवत नव्हता. म्हणून तो नारिंगी सोडा घेऊन लोकांच्या दारात जायला लागला. पेतुलच्या दुकानातून. पोश आणि सोडा, दोन्हीचा ठेका आमच्याकडे पेतुलकडेच आहे. माणूस कुठल्याही देवाला गेला तरी वाट त्याच्या दुकानावरून.

गावात चर्चा झाली. सोडा बाटलीत मोडतो का? प्रकरण कचेरीत आलं. तात्यांनी सोडा मागवला, अर्धा प्यायला, ढेकर दिला आणि निकाल दिला.

"बाटली ती बाटली. नाकात जाते, ढेकर येतो, तोंडाला चव राहते. ज्याचं पोट खराब आहे त्यानेही माफी मागायची कशी? चालेल. लिही रे."

मी लिहिलं. सात ज्येष्ठांचे अंगठे घेतले. सगळे हसत होते. मिकेलचा सोडा कोण पिणार होतं?

त्या वर्षी जानेवारीनंतर आभाळाने तोंड दाखवलं नाही. एप्रिलात डोंगर तव्यासारखा झाला. पाइनची झाडं टणटण वाजायची. गावाला पाणी एकच, मोठ्या क्रूसाखालच्या कपारीतला झरा आणि त्याच्यापुढचं दगडी टाकं. टाक्यात उतरलं तर एरवी मांडीपर्यंत पाणी. त्या एप्रिलात घोटा बुडत नव्हता. झऱ्याला दरवर्षी नवा राखणदार नेमतात. त्या वर्षी आंतुनकाका होते. साठीचा माणूस, गुडघे गेलेले, बोलायला तिरका, मापाला सरळ. पहाटे टाक्यावरची फळी काढायची, घरटी दोन डबे मोजून द्यायचे, फळी लावायची. आणि मे महिन्याच्या तीन तारखेला, क्रूसाच्या सणाला, झऱ्यावर पाण्याचं मागणं घालतात तेव्हा पोशचा पहिला पेला राखणदाराने घ्यायचा. तो प्यायल्याशिवाय दुसरा कुणी पीत नाही आणि मागणं वर पोचत नाही.

रांगेत पाशकुला बायका मागे ढकलायच्या. तिचे डबे पायाने सरकवायच्या.

"पाशकु, तुझ्या येशूला सांग की थोडं पाणी सोडायला."

"सांगितलंय. रांगेत उभा आहे तो. तुमच्यामागे ढकलला त्याला."

तिला जीभ होती. पण संध्याकाळी तिच्याकडे गेलो तर मेंढ्यांपुढे बसून रडत होती. पाच मेंढ्या. आमच्या बायका मेंढ्या लोकरीसाठी पाळतात. त्यांना नावं ठेवतात, त्यांच्यासाठी मेणबत्ती लावतात, आणि मेंढीचं मटण खाणारा माणूस आमच्या डोंगरात जन्मला नाही. पाच मेंढ्यांना दोन डब्यांतून काय पाजणार? कमरेला बांधून विणायचा माग तसाच खुंटीला होता. लोकर भिजवायला पाणी नव्हतं.

"सोड ना हे," मी म्हणालो. "एक घोट घे म्हणावं सणाला. देव काय त्याचा वास घ्यायला येणारे?"

पाशकुने ओठ वर करून दाखवला. वरचे दोन दात नव्हते. एक मिकेलने मक्याच्या काढणीत पाडला होता, दुसरा देवळाच्या जत्रेत, दोन्ही वेळा पोश पिऊन.

"मला येशूचं फार कळत नाही, दादा," ती म्हणाली. "पण तो आल्यापासून तिसरा पडला नाही."

यावर कॉलेजात काही शिकवलं नव्हतं.

एप्रिलच्या मध्यावर आंतुनकाका उतारावरचं रान जाळून साफ करत होते. दुपारची वेळ. राखेत वाकून त्यांचं तोंड कोळशासारखं झालेलं, ओठ फुटलेले. राखणदाराला स्वतःच्या घराला दोनच डबे, त्यातला एक त्यांनी सकाळी खाली सांडला होता, गुडघा वळून. मिकेल जाळीची पिशवी खांद्याला लावून उतार चढला. आत दोन बाटल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या.

काकांनी फडकं पाहिलं. फडक्यातून टपकणारा थेंब पाहिला.

"दे इकडे," ते म्हणाले, आणि कोयत्याच्या पाठीने झाकण उडवून बाटली तोंडाला लावली ती तळ दिसल्यावरच खाली आणली. मग ढेकर आला. मग भान आलं.

"मेलो," काका म्हणाले. "तू कशाला आलायस?"

"मागणं आहे, काका."

"जमीन मागू नकोस."

"नाही."

"पोरी दोन्ही दिल्या. आता घरात मी आणि म्हातारी. म्हातारी मागतोस तर ने."

"रविवारी सकाळी माझ्याकडे या. एकदा ऐका. एवढंच."

काका रिकाम्या बाटलीकडे बघत राहिले. बुडाशी नारिंगी फेस होता.

"ही पेतुलला परत द्यायची असते ना?"

"हो."

"तेवढी तरी सुटली," ते म्हणाले आणि पुन्हा राखेत वाकले.

शब्द मोडणारा माणूस आमच्यात नाही. मोडला तर त्याच्या मक्याला कणीस धरत नाही अशी समजूत आहे. रविवारी अख्ख्या गावाने पाहिलं, झऱ्याचा राखणदार टोपी काढून मिकेलच्या घरात शिरला. मीही होतो, बहिणीला मका द्यायचं निमित्त काढून गेलो होतो. काका दाराशी बसले, टोपी गुडघ्यावर, एक पाय बाहेर. मिकेलला वाचता जेमतेम येतं. बोट अक्षराखाली धरून, खोकत, अडखळत तो वाचत गेला. एका तळ्याकाठी एक माणूस अडतीस वर्षं पडून होता. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा व्हायचा. ह्याला पाण्यात सोडायला कुणी नव्हतं. हा सरपटत जाईपर्यंत दुसराच उतरलेला असायचा. मग येशू आला आणि म्हणाला, ऊठ, अंथरूण उचल आणि चालायला लाग.

"थांब," काका म्हणाले. "त्या तळ्याला राखणदार कोण होता?"

मिकेलने बोट मागे नेलं, पुढे नेलं. "लिहिलेलं नाही."

"अडतीस वर्षं माणूस पाण्याकाठी पडलाय आणि राखणदाराला दिसला नाही?"

"लिहिलेलं नाही, काका."

"रोज फळी काढत असेल ना तो? रोज मापं देत असेल?"

काका उठून गेले. मला वाटलं, फिटलं.

पुढच्या रविवारी काका पुन्हा आले. बाटलीशिवाय.

त्या आठवड्यात त्यांनी रांगेत एक बदल केला. गावाच्या टोकाला एक लुळी विधवा राहते. तिचे डबे ते स्वतः भरून पोचवायला लागले, सगळ्यांच्या आधी. आणि पाशकुला जो मागे ढकलेल त्याचा एक डबा कमी. मापाला सरळ माणूस होता, म्हणून लोक जास्तच चिडले. वाकडा असता तर समजून घेतलं असतं.

सणाआधी चार-पाच दिवस गावचे सगळे पुरुष टाकं उपसतात. त्या दिवशी मिकेल सगळ्यात आधी उतरला. गुडघाभर गाळ, सडलेल्या पानांचा वास, खालून टोपली भरून वर द्यायची. वरून कुणीतरी एक टोपली त्याच्या डोक्यावर उलटी केली.

"चुकलं रे, मिकेल!"

"होतं असं," मिकेल म्हणाला. त्याने डोळे पुसले, टोपली भरली आणि वर दिली.

गाळ निघाला तेव्हा सगळ्यांना झरा दिसला. कपारीतून पाण्याची धार येत होती ती उंदराच्या शेपटीएवढी. पेतुलने बाटली काढली, कारण अशा वेळी तेच करायचं असतं, आणि पेला भरून काकांपुढे धरला.

"आज नको," काका म्हणाले. "पोट."

शालिकतात्या काठीवर रेलून होते. "क्रूसाच्या दिवशी बरं असेल ना पोट?"

काका खाली बसले आणि तळाचा दगड फावड्याने खरवडायला लागले. मी मिकेलकडे पाहिलं. तो काकांकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर आनंद असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. घाबरला होता. पहिला माणूस मिळाल्यावर काय होतं हे मळ्यावर त्याला कुणी सांगितलं नसावं.

दुसऱ्या दिवशी पाशकुची एक मेंढी चरून परत आली ती अर्धी भादरलेली. डावी बाजू लोकरीची, उजवी उघडी, गुलाबी, कात्रीचे ओरखडे उठलेली. पाशकु तिला धरून उभी होती.

"मारली असती तर पाप लागलं असतं," ती म्हणाली. "म्हणून भादरली. म्हणजे रागाच्या भरात नाही केलं, दादा. बसून, विचार करून केलंय."

त्याच दुपारी कचेरीत बैठक झाली. सात ज्येष्ठ, पेतुल आणि वही घेऊन मी. आंतुनकाकांना निरोप नव्हता. खिडकीतून झऱ्यावरचा क्रूस दिसत होता, आणि त्याच्यामागे कोरडं, पांढरं आभाळ.

"राखणदार प्यायला नाही तर मागणं जाणार नाही," एक ज्येष्ठ म्हणाले.

"मागणं गेलं नाही तर शेपूटही आटेल."

"आंतुनला बोलावून सांगा."

"आंतुनला काय सांगायचं? आंतुन हे पान आहे. मूळ तिकडे आहे." तात्यांनी काठी मिकेलच्या घराच्या दिशेला फिरवली.

पेतुल दाराच्या चौकटीला टेकला होता. "माझ्याकडे पेट्रोलचे दोन डबे आहेत," तो म्हणाला. दुकानात मीठ आहे म्हणून सांगावं तसं. "छप्पर गवताचं आहे त्याचं. आणि गवत वाळलेलंय."

मी वाट पाहिली. कुणीतरी "छे" म्हणेल, कुणीतरी थुंकेल, निदान खाकरेल. एका ज्येष्ठांनी टोपीची रिबीन सरळ केली. कुणी नाही म्हणालं नाही. मला माझ्या बहिणीचं छप्पर दिसलं, आणि खाली तिची दोन दातांची फट.

"तात्या," मी म्हणालो, "आधी बाटली, मग बोलणं."

"म्हणजे?"

"त्याच्या दारात जा. मान खाली घाला. सोडा पुढे करा. तो प्यायला, की मागणं सांगा, की गाव सोड. नाही म्हणता येणार नाही त्याला. कुणाला हातही लावायला नको."

"आणि प्यायलाच नाही तर?"

"मग सोडा ही बाटली नाही असं त्याच्याच तोंडून ठरलं. मग आंतुनकाका बांधलेले नव्हते. मग त्यांचं तिकडे जाणं फसवून नेलेलं, आणि फसवणाऱ्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तात्या माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले, पेला घेण्याआधी बघतात तसे.

"कॉलेजात हेच शिकवतात का रे?"

"सोड्याचा ठराव वहीत आहे," मी म्हणालो.

"वाच."

मी वाचला. अक्षर चांगलं होतं.

"क्रेट मी देतो," पेतुल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा फुकट. चोवीस बाटल्यांचा क्रेट त्याने लगेच आणून ठेवला, आणि बैठक संपेपर्यंत ज्येष्ठांनी आणि त्याने त्यातल्या आठ संपवल्या. उकडतही होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रांगेत पाशकुला गाठलं.

"आज तुमच्या दारात माणसं येतील. मिकेलला म्हणावं, पी."

ती डब्याचं झाकण लावत होती. "आणि मागणं काय असेल?"

मी सांगितलं.

"आणि नाही प्यायला तर?"

"पेतुलच्या दुकानात नुसत्या बाटल्या नसतात. डबेपण असतात."

तिने झाकण घट्ट फिरवलं. "घर आम्ही बांधलं तेव्हा वासा चढवायला तू होतास."

"पाशकु, ऐक..."

"हे सुचवलं कुणी?"

मी तिचा दुसरा डबा उचलायला वाकलो.

"लिहिलं तर तूच असशील. अक्षर चांगलं काढलंस ना?" ती म्हणाली, कपाळावर ओझ्याचा पट्टा घेतला, पाठीवर डबे घेतले आणि चढाला लागली.

दहा वाजता आम्ही निघालो. सात म्हातारे, काळ्या लोकरीचे झगे, काठ्या, मागे पेतुल, त्याच्यामागे आणखी दहा-बाराजण ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि मी, क्रेटमधली एक बाटली हातात घेऊन. मिकेल अंगणात कोयत्याला धार लावत होता. आम्हाला पाहून उठला. सातही म्हाताऱ्यांनी तिशीच्या पोरापुढे मान खाली घातली. असं गावात कधी घडलं नव्हतं. तात्यांनी माझ्या हातून बाटली घेतली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

मिकेलने बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तात्या," तो म्हणाला, "ही बाटली आहे का?"

"तूच म्हणालास की आहे."

"ठरवलं तुम्ही."

"वहीत आहे," तात्या मान न उचलता म्हणाले.

पाशकु दारात उभी होती. तिने काही सांगितलं होतं की नाही, तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. मिकेलने बाटली घेतली, कोयता उचलला, तसे मागचे दहा-बाराजण एक पाऊल मागे सरले. त्याने कोयत्याच्या पाठीने झाकण उडवलं आणि कोयता खाली ठेवला. मग डोळे मिटले.

खाण्यापिण्याआधी तो प्रार्थना करायचा. त्याने बाटलीबद्दल देवाचे आभार मानले. ती आणणाऱ्यांबद्दल मानले, एकेकाचं नाव घेऊन. तात्यांच्या रानातल्या मुळांपासून सुरुवात केली आणि त्यांना रात्री येणाऱ्या जागेपर्यंत आला. एका ज्येष्ठांचा मुलगा मळ्यावर वारला होता. मिकेल त्याच्याच खोलीत राहायचा. तो शेवटी काय म्हणाला ते त्याने देवाला सांगितलं. देवाला माहीत असणार, पण बापाला माहीत नव्हतं. पेतुलचं नाव घेतलं. झऱ्याचं घेतलं. समोरचा पिईपर्यंत मागणाऱ्याने मान उचलायची नसते, म्हणून सातही म्हातारे उन्हात वाकून उभे, मानेवरून घाम ठिबकतोय, आणि ऐकताहेत. इतके दिवस दारोदार फिरून मिकेलला एवढे ऐकणारे एका वेळी मिळाले नव्हते.

"आमेन," मिकेल म्हणाला आणि बाटली तळापर्यंत प्यायला. ढेकर दिला.

"आता बोला."

तात्यांनी मान वर केली. दोनदा खाकरावं लागलं. "क्रूसाच्या सणाआधी गाव सोड. घर आणि रान गावाकडे राहील. मेंढ्या ने."

"दिलं," मिकेल म्हणाला. रीत तशीच आहे, एका शब्दात द्यायचं.

लोक वळले. मी शेवटचा. मिकेल आत गेला आणि जाळीच्या पिशवीतून एक बाटली घेऊन आला. आंतुनकाकांकडे नेलेल्या दोनातली उरलेली.

"रोमिनदादा, ही तुला."

"मागणं काय?"

"आधी बाटली."

"मग पितो," मी म्हणालो. "घरी जाऊन." तो हसला. त्याला कळलं होतं, की बाटली मी नेईन पण पिणार नाही. आणि मला कळलं होतं, की तो पुन्हा विचारायला येणार नाही.

दोन मेला ते गेले. मिकेलच्या पाठीवर मक्याचं पोतं आणि पाटा, पाशकुच्या पाठीवर गुंडाळलेला माग, पुढे पाच मेंढ्या. शहरात मेंढ्या कुठे बांधणार, हे मी विचारलं नाही. त्या पहाटे रांगेत काकांनी तिचे दोन्ही डबे काठोकाठ भरले. बायका बघत राहिल्या. अर्धी भादरलेली मेंढी सारखी मागे वळत होती. पाशकु नाही वळली.

तीन तारखेला झऱ्यावर पाइनची पानं अंथरली, क्रूसाला फुलं बांधली, धूप पेटवला, आभाळात फटाक्यांचे बाण सोडले. आंतुनकाका राखणदाराच्या झग्यात होते. मूळ उपटलं गेलं होतं, आता पान आपोआप वाळेल असा सगळ्यांचा हिशोब होता. पेतुलने पहिला पेला भरला. तात्यांनी तो काकांच्या हातात दिला.

काकांनी पेला घेतला. कपारीतल्या धारेकडे पाहिलं, मिकेलच्या ओसाड घराकडे पाहिलं. मग पेला क्रूसाच्या पायाशी उपडा केला, अगदी सावकाश, थेंबही न राखता. आणि गुडघे धरून खाली बसले.

"राखणदाराला दिसलंच नाही म्हणे," ते म्हणाले. कुणाशी ते कळलं नाही.

कोरड्या मातीने पोश पिऊन टाकला. पेतुलचे दहा-बाराजण हळूहळू सरकत पुढे आले. मला वाटलं, सगळे काकांकडे बघताहेत. मग लक्षात आलं, की माझ्याकडे बघताहेत.

"कारकून," तात्या म्हणाले, "क्रेटमध्ये काही उरल्यात का रे? आंतुनपुढे धरायला एक हवी."

आम्ही दोघं कचेरीत आलो. तात्या दारातच थांबले. क्रेट वहीच्या कपाटाखाली होता. चोवीसातल्या आठ बैठकीत गेल्या, एक मिकेलने संपवली. पंधरा उरायला हव्या होत्या. सोळा होत्या. मिकेलने दिलेली बाटली मीच त्यात ठेवून दिली होती, टेबलावर सारखी डोळ्यांपुढे यायची म्हणून.

मी खाली बसून एकेक उचलून पाहिली. सगळ्यांचा रंग सारखा, झाकणं सारखी, धूळही एव्हाना सारखीच बसलेली.

"काय शोधतोस?" तात्या दारातून म्हणाले. "कुठलीही आण. माणसं उन्हात उभी आहेत."